बाथ शहर आणि ओपन टॉप बस : कुठे बसावं, कुठे उतरावं, कुठे सरळ चालावं

तात्या_ब्रिस्टलकर

उन्हाळा जवळ आला की "आईबाबा येतायत, लंडनहून एका दिवसात बाथ होईल का?" हा प्रश्न ठरलेला. दरवेळी तुकड्यातुकड्यांत उत्तरं देण्यापेक्षा एकच धागा काढतो. जाणकारांनी भर घालावी, चुकलं तिथे कान धरावा.

होतं एका दिवसात. पण क्रम चुकला तर निम्मा दिवस चढ चढण्यात जातो. बाथची रचना वाडग्यासारखी आहे. तळाशी एव्हन नदी, स्टेशन, ॲबी (गावातलं मोठं चर्च) आणि रोमन बाथ्स (रोमन काळातली गरम पाण्याची स्नानगृहं). उत्तरेच्या उतारावर सर्कस (खेळाची नव्हे, वर्तुळात बांधलेली घरं) आणि रॉयल क्रेसेंट (चंद्रकोरीसारखी घरांची रांग). नदीपलीकडे दक्षिण-पूर्वेला बाथविक, क्लॅव्हर्टन आणि प्रायर पार्कचे डोंगर. तळ पायी फिरण्याइतका लहान आहे, तिथे बस लागतच नाही. बसचे पैसे वसूल होतात ते चढावर.

हॉप-ऑन हॉप-ऑफ (हव्या त्या थांब्यावर उतरायचं, पुढच्या बसने पुन्हा चढायचं) बसच्या दोन फेऱ्या आहेत आणि दोन्ही एकाच तिकिटात येतात. सिटी फेरी गावातून फिरते, स्कायलाइन फेरी नदी ओलांडून डोंगरावर जाते. न उतरता बसून राहिलं तर प्रत्येकीला पाऊण ते एक तास धरा. दुपारी रहदारी असेल तर जास्तच. बरेच लोक सिटी फेरी पूर्ण करतात आणि दमून स्कायलाइन सोडून देतात. माझ्या मते हे उलटं आहे. सिटी फेरीतलं बरंचसं पायी बघता येतं, स्कायलाइनचं नाही.

तिकीट घेताना एकच गोष्ट नीट वाचा: २४ तास पहिल्यांदा चढल्यापासून मोजतात की तिकीट त्याच तारखेपुरतं आहे. पहिला प्रकार असेल आणि मुक्काम असेल तर दुपारी दोनला पहिली बस पकडा; दुसऱ्या दिवशीची सकाळही त्याच तिकिटात येते.

लंडनहून पॅडिंग्टन ते बाथ स्पा थेट गाडी साधारण दीड तास, ब्रिस्टल टेंपल मीड्सहून पाव तासाच्या आत-बाहेर. आईवडील साठीच्या पुढचे असतील तर सीनियर रेलकार्ड काढा. भारतातून आलेल्यांनाही मिळतं आणि भाडं एक तृतीयांश कमी होतं.

अबोली_७२

छान धागा. बसायच्या जागेबद्दल लिहा ना. सगळे वर पहिल्या रांगेकडे धावतात, ते खरंच बरोबर आहे का?

तात्या_ब्रिस्टलकर

पहिल्या रांगेला पुढे काच असते, वारा कमी लागतो, फोटोत मात्र काचेवरचे डाग येतात. मी तिसरी-चौथी रांग सुचवीन, आणि बाजू डावी.

कारण सर्कस. तिथे गाड्या घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरतात, म्हणजे मधली झाडं उजव्या हाताला आणि घरं डाव्या हाताला. डावीकडच्या प्रवाशाला अख्खी गोलाई दिसते, उजवीकडच्याला पाच मोठे प्लेन वृक्ष. तेही सुंदर आहेत, पण त्यासाठी कोणी लंडनहून येत नाही.

वरच्या मजल्याचा खरा फायदा असा की डोळे पहिल्या मजल्याच्या खिडक्यांच्या रेषेत येतात. सर्कसच्या तीन थरांचे खांब बघा: खाली डोरिक, मध्ये आयोनिक, वर कोरिंथियन. खालच्या खांबांच्या डोक्यावरून जी पट्टी जाते तिच्यात शेकडो लहान चित्रं कोरलेली आहेत. साप, वाद्यं, हत्यारं, गवंड्याची अवजारं, असं काय काय. फुटपाथवरून मान दुखते, बसमधून ती जवळजवळ समोर येतात. आणि सगळ्यात वर कठड्यावर ओळीने दगडी ओकफळं. बाथची दंतकथा म्हणते की ब्लाडुड नावाच्या राजपुत्राचा महारोग इथल्या गरम चिखलाने बरा झाला. तो डुकरं राखायचा, डुकरं ओकफळं खायची, म्हणून ती वर बसवली असं सांगतात.

कातळकोरा

जागेबद्दल एक जोड: वर बसलात तर रेलिंगच्या आत, खाली वाकून बघा. जॉर्जियन (म्हणजे साधारण अठराव्या शतकातल्या) घरांना रस्त्याच्या पातळीखाली एक मजला असतो, स्वयंपाकघर आणि नोकरांचा. तो 'खणलेला' नाही. बऱ्याच ठिकाणी मूळ जमीन तीच आहे, रस्ता आणि फुटपाथ नंतर कमानींवर उचलून घेतलेत. फुटपाथखालच्या त्या कमानींत कोळसा साठवायचे. फरशीत अधूनमधून दिसणारी लोखंडी गोल झाकणं ही कोळसा ओतायची भोकं.

आता दगड. गाईड "हनी कलर्ड" म्हणून पुढे जातात. हा ऊलिटिक चुनखडक आहे, म्हणजे माशाच्या अंड्यांएवढे गोल चुन्याचे कण एकमेकांना चिकटून झालेला. कुठल्याही दिशेने करवतता येतो, म्हणून कोरीवकामाला आणि सरळ चौकोनी चिऱ्यांना उत्तम. खाणीतून काढल्यावर ओला आणि मऊ असतो, उघड्यावर वाळून कठीण होतो. अट एकच: खाणीत ज्या थराने आडवा होता तसाच भिंतीत बसवायचा. उभा बसवला की काही वर्षांत पापुद्रे सुटतात. सर्कसच्या आसपासच्या गल्ल्यांत पोपडे निघालेले चिरे दिसतील, त्यामागे अनेकदा हेच कारण असतं. काही घरं अजून काळी दिसतात ती कोळशाच्या धुराने. विसाव्या शतकात मोठी सफाई झाली, सगळ्यांची नाही.

हा दगड शहरात उतरला कसा, ते बघायचं तर स्कायलाइन बसच हवी. राल्फ ॲलन या टपालाच्या ठेक्यावर श्रीमंत झालेल्या गृहस्थाने कूम डाऊनच्या खाणी घेतल्या आणि १७३१ च्या सुमारास डोंगरावरून नदीपर्यंत लाकडी रुळांची वाट टाकली. भरलेल्या वाघिणी उतारावर स्वतःच्या वजनाने खाली यायच्या, एक माणूस ब्रेक धरून. रिकाम्या वाघिणी घोडे वर ओढायचे. प्रायर पार्कच्या कडेने जाणारा राल्फ ॲलन ड्राइव्ह हा आजचा रस्ता म्हणजे जवळपास तीच वाट. बस त्या उतारावर गिअर टाकते तेव्हा हे डोक्यात असलं की बरं वाटतं. खाणी मात्र आता बघता येत नाहीत. वर वस्ती झाली आणि खालचं छत धोक्याचं ठरलं, तेव्हा या शतकाच्या पहिल्या दशकात त्या फेसाळ काँक्रीटने भरून काढल्या.

पायपीट

मी थोडा विरोधी सूर लावतो. सिटी फेरी ही बाथ बघायची सगळ्यात वाईट पद्धत आहे. जॉन वूड थोरले आणि धाकटे, या वास्तुशिल्पी बापलेकांनी रस्ते एका ओळीत रचले: क्वीन स्क्वेअर, तिथून गे स्ट्रीटचा चढ, मग सर्कस, मग ब्रॉक स्ट्रीट, आणि शेवटी रॉयल क्रेसेंट. चौकोन, वर्तुळ, चंद्रकोर. ब्रॉक स्ट्रीट मुद्दाम साधी ठेवली आहे. टोकाला पोहोचेपर्यंत क्रेसेंट दिसत नाही, आणि वळताच एकदम तीस घरं आणि ११४ आयोनिक खांब. बस हा क्रम मोडते. शिवाय क्रेसेंटच्या दारासमोरून मोठ्या बस नेत नाहीत, म्हणजे जे बघायला आलात ते खालच्या बाजूने लांबून बघायचं.

तात्या_ब्रिस्टलकर

क्रमाचा मुद्दा मान्य. पण गे स्ट्रीटचा चढ सत्तरीच्या गुडघ्यांना झेपत नाही हो. मधला मार्ग असा: सर्कसजवळच्या थांब्यापर्यंत बसने वर जा, उतरा, आणि ब्रॉक स्ट्रीट तेवढी चाला. ती जवळजवळ सपाट आहे, पाच मिनिटंही लागत नाहीत, आणि ती वळणाची गंमत पूर्ण मिळते. येताना क्रेसेंटच्या हिरवळीच्या कडेने खाली उतरून ग्रॅव्हल वॉकने गावात या. सगळा उतार.

कातळकोरा

ग्रॅव्हल वॉक नक्की. ती वाट सर्कसच्या घरांच्या पाठीमागून जाते, आणि पाठ बघितल्याशिवाय पोट कळत नाही. वूडने फक्त दर्शनी भिंत आखून दिली. जागा घेणाऱ्यांनी मागचं घर आपापल्या खिशाप्रमाणे बांधलं. म्हणून पुढे एकसंध राजवाडा आणि मागे कुठे फुगलेली खिडकी, कुठे वाढीव संडास, छपरं वेगवेगळ्या उंचीची. वाटेत ४, द सर्कस या घरामागे अठराव्या शतकाच्या पद्धतीने लावलेली छोटी बाग आहे. फुकट आहे आणि पर्यटक समोरून निघून जातात.

क्रेसेंटसमोर उभे राहाल तेव्हा हिरवळीच्या मध्ये एक आडवी रेघ शोधा. ती हा-हा भिंत. जमीन एका बाजूने उताराने खाली नेऊन दुसऱ्या बाजूला उभी दगडी भिंत घातली आहे. घरांतून बघणाऱ्याला सलग कुरण दिसतं, पण खालची गुरं वर येऊ शकत नाहीत. घरांच्या खिडकीतून ती अजिबात दिसत नाही, पार्कातून मात्र स्पष्ट दिसते. भिंतीच्या वरची हिरवळ रहिवाशांची खासगी, खालची सार्वजनिक. वर चादर पसरून डबा उघडू नका.

चहाबाज

रोमन बाथ्सबद्दल कोणीच लिहिलं नाही, मी लिहितो.

पहिला स्लॉट ऑनलाइन घ्या. शनिवार-रविवार दर जास्त असतो आणि अकरानंतर शाळांच्या सहली येतात. आत दीड ते दोन तास धरा, ऑडिओ गाईड तिकिटातच असतं. सकाळी लवकर, विशेषतः थंडीत, ग्रेट बाथवर वाफ दिसते. दुपारी उन्हात दिसत नाही आणि लोक म्हणतात "एवढंच होय?"

झऱ्याचं पाणी साधारण ४६ अंश सेल्सियस, रोज ११ लाख लिटरच्या वर. मेंडिप डोंगरांवर पडलेला पाऊस खोल जमिनीत मुरतो, तापतो आणि भेगेतून इथे वर येतो. हिरवा रंग पाण्याचा नाही, शेवाळाचा. रोमन काळात वर छत होतं, ऊन लागत नव्हतं, तेव्हा पाणी हिरवं नसणार. तळाला शिशाचे ४५ पत्रे आहेत, रोमनांनीच घातलेले, खोली १.६ मीटर. जिथे पाणी बाहेर वाहतं तिथे दगड नारिंगी झालेत, ते लोहामुळे.

पाण्यात हात घालू नका. मुलांना आधीच सांगून ठेवा, कारण काठ उघडा आहे आणि रोमन फरशी झिजून ओबडधोबड झाली आहे, ओली असताना घसरते. पाणी शुद्ध केलेलं नाही. १९७८ मध्ये या झऱ्याच्या पाण्यातल्या अमीबामुळे एका मुलीचा मृत्यू झाला, तेव्हापासून इथलं पोहणं बंद आहे. प्यायचं पाणी वेगळ्या बोअरमधून, प्रक्रिया करून देतात. चव कोमट लोखंडी खिळ्याची. एक घोट पुरे. त्याच गरम पाण्यात उतरायचं असेल तर शेजारचं थर्मे बाथ स्पा २००६ पासून चालू आहे, गच्चीवर तलाव आहे. वयाची अट १६, म्हणजे लहान मुलं असतील तर विसरा.

घाईत लोक चुकवतात ती गोष्ट: शापपत्रं. शिशा-कथलाच्या पातळ पत्र्यांवर चोराविरुद्ध सुलिस मिनर्व्हा देवीकडे केलेल्या तक्रारी, सुमारे १३०. कोणाचा झगा गेला, कोणाचे हातमोजे. स्नानाला गेलेल्यांचे कपडे चोरीला जायचे, दुसरं काय. वर गच्चीवरचे सम्राटांचे पुतळे मात्र रोमन नव्हेत, व्हिक्टोरियन आहेत. फोटोखाली "दोन हजार वर्षांपूर्वीचा पुतळा" लिहू नका.

अबोली_७२

वा! खाण्याचं? आमच्याकडे दोघं शुद्ध शाकाहारी, अंडंही नाही.

चहाबाज

सॅली लन बन आणि बाथ बन, दोन्ही गावाची ओळख, दोन्ही अंडं-लोण्याचे. पहिला मोठा, मऊ, ब्रिओशसारखा. दुसरा लहान, गोड, वर साखरेचे खडे. अंडं न खाणाऱ्यांना दोन्ही बाद. चीज खाताना पाकिटावर शाकाहारी रेनेट (दूध घट्ट करायचा पदार्थ, तो प्राण्यांचाही असतो) लिहिलंय का बघा, चेडरमध्ये नेहमीच असतं असं नाही. पेस्टीच्या दुकानात चीज-कांदा घेताना वरची चकाकी अंड्याची असू शकते, विचारा. ब्रिटनमध्ये 'व्हेजिटेरियन' म्हटल्यावर अंडं धरलेलंच असतं. 'व्हीगन' मागितलंत तर अंडं-दूध दोन्ही नसेल, वाद मिटला. डबा नेणार असाल तर बसमध्ये उघडू नका, पार्कात बसा.

मावळतीकर

अवांतर, पण इथल्या वाचकांना रस वाटेल. सर्कसमधल्या १४ नंबरच्या घरावर रॉबर्ट क्लाइव्ह इथे राहिल्याची पाटी आहे, त्यावर साल १७७४. प्लासीचा क्लाइव्ह सगळ्यांना माहीत, पण प्लासीच्या आधी, फेब्रुवारी १७५६ मध्ये, हाच क्लाइव्ह ॲडमिरल वॉटसनच्या आरमारासोबत विजयदुर्गावर होता. इंग्रज आणि पेशवे एका बाजूला, तुळाजी आंग्रे दुसऱ्या बाजूला. आंग्र्यांचं आरमार तिथेच जळालं. आपल्या राज्यकर्त्यांनी आपलंच आरमार परक्याच्या हातून बुडवलं, त्यातला एक हात या घरात राहायला आला. बसचं निवेदन क्लाइव्हवर दोन वाक्यांत आटोपतं, विजयदुर्ग त्यात येण्याची आशा नको.

बाथ ॲबीतही हा धागा सापडतो. भिंतींवर सहाशेच्या वर स्मृतिशिला आहेत. ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीतून परतलेले लोक औषधी पाण्यासाठी इथे यायचे आणि इथेच संपायचे, त्यामुळे बंगाल, मद्रास, बॉम्बे ही नावं वाचायला मिळतात. रविवारी प्रार्थनांमुळे बघण्याच्या वेळा तुटक असतात, शक्यतो दुसरा वार धरा. मनोऱ्यावर जायला २१२ पायऱ्या आहेत, लिफ्ट नाही. बाहेरच्या पश्चिम भिंतीवर दोन शिड्या आणि चढणारे देवदूत आहेत. त्यातले काही डोकं खाली करून उतरतायत, ते शोधायला मुलांना सांगा.

पायपीट

विजयदुर्गाची माहिती भारी. पेशव्यांवर एवढ्या घाईने निकाल नको, त्यावर स्वतंत्र धागा होईल. इथे नको.

पुलाबद्दल: पल्टेनी ब्रिज, रॉबर्ट ॲडमचा, १७७४ मध्ये पूर्ण. दोन्ही बाजूंना दुकानं असल्यामुळे वरून जाताना पूल ओलांडला हे कळतसुद्धा नाही. बसमधून तर नाहीच. तो बघायचा नदीकाठच्या ग्रँड परेड रस्त्याच्या कठड्यावरून. समोरचा घोड्याच्या नालेसारखा बंधारा जुना वाटतो, पण आताचा आकार १९७० च्या आसपासचा, पूरनियंत्रणासाठी केलेला.

तात्या_ब्रिस्टलकर

आता स्कायलाइनचं, कारण तिथेच लोक अडकतात.

प्रायर पार्क गार्डनला पर्यटकांसाठी वाहनतळ नाही (अपंगांसाठीची जागा सोडून), म्हणून बसने जाणं शहाणपणाचं. प्रवेश वरच्या टोकाला आहे. पॅलेडियन (इटालियन वास्तुशिल्पी पॅलाडिओच्या शैलीतला) पूल दरीच्या तळाशी, १७५५ चा. या घडणीचे जगात चारच पूल आहेत: इथला, विल्टनचा, स्टोचा आणि रशियात त्सारस्कोये सेलोचा. खाली उतरताना मजा येते; परत वर चढताना ज्येष्ठांची दमछाक होते, त्यामुळे वरच्या वाटेवरूनच पूल आणि मागे शहर बघून परतलं तरी चालतं, प्रसिद्ध दृश्य तेच आहे. वरचा ॲलनचा बंगला आज शाळा आहे, आत जाता येत नाही.

एकूण दीड तास द्या आणि उतरायच्या आधी चालकाला परतीची शेवटची बस विचारा. छापील पत्रकावर विसंबू नका. हिवाळ्यात फेऱ्या कमी होतात आणि संपतातही लवकर. बस चुकलीच तर राल्फ ॲलन ड्राइव्हवरून विडकूममार्गे स्टेशन साधारण मैलभर, उतरायला अर्धा तास. उतार तीव्र, फुटपाथ अरुंद, ओली पानं असतील तर जपून. साधी सिटी बसही त्या रस्त्याने जाते.

बाथविकच्या बाजूला शॅम कॅसलचं नाव ऐकाल. १७६२ चा हा किल्ला म्हणजे फक्त दर्शनी भिंत, मागे काहीच नाही. ॲलनला शहरातल्या घरातून डोंगर मोकळा दिसत होता, म्हणून बांधला. त्यासाठी मुद्दाम उतरू नका.

अबोली_७२

व्हीलचेअर, पाऊस आणि सामान? एवढं सांगा म्हणजे झालं.

तात्या_ब्रिस्टलकर

व्हीलचेअर: खालच्या मजल्यावर सहसा एकच जागा असते, ती भरली असेल तर पुढची बस. ॲबीच्या थांब्यावर गर्दी सगळ्यात जास्त, त्यामुळे एखादा थांबा आधी चढलेलं बरं. जिना अरुंद आणि वळणाचा आहे. बस थांबलेली असतानाच चढा-उतरा.

पाऊस: वर छत्री निरुपयोगी, वाऱ्याने उलटी होते आणि मागच्याच्या डोळ्यात जाते. टोपीचं जॅकेट घ्या आणि सीट पुसायला रुमाल. झाडाखालून जाताना उभं राहू नका, फांद्या खरोखर डोक्याला लागतात.

निवेदन: बसमध्ये बहुधा ३.५ मिमीचं भोक असतं. स्वतःचे वायरवाले हेडफोन आणा, ब्लूटूथवाले चालत नाहीत. रहदारीत बस खोळंबली की निवेदन आणि दृश्य यांची फारकत होते. "डावीकडे बघा" म्हणतात तेव्हा डावीकडे कचऱ्याची गाडी असते.

सामान: स्टेशनवर ठेवायची सोय गृहीत धरू नका, बसमध्ये मोठ्या बॅगा घेत नाहीत. हॉटेलात किंवा गावातल्या सामान ठेवणाऱ्या दुकानात आधी ऑनलाइन जागा घ्या.

कातळकोरा

गाडीने येणाऱ्यांसाठी: शहराच्या मध्यभागी मार्च २०२१ पासून क्लीन एअर झोन (जास्त धूर सोडणाऱ्या ठरावीक वाहनांना शुल्क) आहे. खासगी मोटारींना शुल्क नाही, पण चार कुटुंबं मिळून जुनी डिझेल मिनीबस भाड्याने घेणार असाल तर शुल्क लागू शकतं. गाडीचा नंबर टाकून आधी तपासा. नाहीतर लान्सडाऊन, न्यूब्रिज किंवा ऑड डाऊन या पार्क अँड राइडला गाडी लावून साध्या बसने खाली या. आणि नोव्हेंबरअखेर ते डिसेंबरच्या मध्यापर्यंत ख्रिसमस मार्केट असतं. ॲबीभोवतीचे रस्ते माणसांनी भरतात, काही बंद होतात, थांबे हलतात. त्या दिवसांत आईवडिलांना घेऊन जायचंच असेल तर सोमवार ते गुरुवारची सकाळ धरा आणि आदल्या रात्री थांबे कुठे हलवलेत ते बघून ठेवा.